आधी वस्तादाचं नाव

कळंबा सोडलं तो रविवार होता. चार बॅगा, ब्याण्णव किलो वजन आणि स्टँडवर पोचवायला अकरा माणसं. त्यांत माझे वडील, आबा. कुस्तीच्या मैदानात हलगीच्या ठेक्यावर पैलवानांची ओळख करून देणारे निवेदक. गाडी सुटताना माझ्या सहा वर्षांच्या मुलाला, अभीला, ते म्हणाले, "पोरा, थंडीत गळा झाकत जा."

इंग्लंडात, बर्मिंगहॅमला मी अकाउंट्सच्या नोकरीत रुळलो आणि अभी मोठा होऊन रेगे, म्हणजे जमैकाचं ठेक्याचं संगीत, गाऊ लागला. शेजारचे डेल्रॉय अंकल, जमैकाहून आलेले निवृत्त बसड्रायव्हर, त्याचे गुरू. रेकॉर्ड लावायची, माईक घेऊन ठेक्यात बोलायचं, मधेच गायचं. रेगेत अशा बोलणाऱ्याला डीजे म्हणतात. पहिल्या कार्यक्रमाला मी माणसं मोजली. चौदा, आम्हा नवराबायकोला धरून. मी त्याला दोन वर्षांची मुदत दिली. नाही जमलं तर नोकरी.

मुदतीचे दोन महिने उरले तेव्हा गर्दी साठाच्या पुढे जात नव्हती. अभी घरात बोलेनासा झाला होता. त्याला घेऊन गावी आलो. जत्रेच्या मैदानात आबांनी एका कुस्तीपुरता माईक त्याच्या हातात दिला. हलगी कडाडली. अभीनं ठेका धरून पैलवानाचं नाव घेतलं, गाव सांगितलं. तोच कडेनं कोणी ओरडलं, "ओ लंडनचं पावणं, वस्ताद कुठं हाय? आभाळातनं पडलाय व्हय त्यो?"

मैदान हसलं. आमच्याकडे शिकवणाऱ्याचं नाव आधी, मग शिष्याचं. आबांनी त्याच्या कानात नाव सांगितलं. अभीनं ते एवढं खणखणीत घेतलं की म्हातारे वस्ताद उठून उभे राहिले. हसणाऱ्यांनीच टाळ्या वाजवल्या.

परतल्यावरच्या पहिल्याच कार्यक्रमात त्यानं स्वतःच्या नावाआधी डेल्रॉय अंकलचं नाव घेतलं, मग आबांचं आणि कळंब्याचं. अंकलनी टोपी काढून डोळे पुसले. त्या रात्री मी माणसं मोजायची विसरलो.

मुदत संपली त्या दिवशी अभी म्हणाला, "पप्पा, नोकरीचा अर्ज करू?" आकडे बघितले तर नोकरीच बरी होती. मी म्हटलं, "राहू दे. गा."

गावाकडची तुम्ही मंडळी फोनवर विचारता, घरी कधी येणार? परवा हॉलमध्ये दीडशे माणसं होती. आम्ही घरचे सोडलो तर त्यांतल्या कुणीही कळंबा पाहिलेलं नाही. अभीनं नेहमीसारखं आबांचं नाव घेतलं आणि पुढचं गावाचं नाव सगळे एका आवाजात ओरडले, "कळंबा!" मीही ओरडलो.