चंद्र दिसला नाही ती संध्याकाळ

चंद्र दिसू नये असं वाटण्याची वेळ माझ्यासारख्या संकष्टी करणाऱ्या बाईवर येईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण त्या जानेवारीत माझी श्रद्धाच डळमळली होती. इतके उपास करून माझ्या वाट्याला हेच का, असं माझं गणपतीलाही सुनावून झालं होतं. आम्हाला नुकतंच कॅनडाचं कायम वास्तव्य मिळालं होतं. उन्हाळ्यात तिथे जाऊन, शिक्के घेऊन, यांच्या नोकरीसाठी आम्ही दुबईला परतलो होतो. आमच्या लेकीची, मुग्धाची, बारावी झाली की तिला तिकडे पाठवायचं होतं. तिने तिथल्या कॉलेजात अर्ज केला, आणि कॉलेजने तिच्या वास्तव्याच्या कागदाची प्रत मागवली. ती वेळेत गेली नाही तर तिला परदेशी विद्यार्थिनी धरणार होते, आणि ती फी आम्हाला सात जन्मांत झेपली नसती.

कागद होता, पण तिकडच्या अधिकाऱ्याने तो तिच्या पासपोर्टातच टाचून दिला होता. परतल्यावर दुबईच्या व्हिसाच्या शिक्क्यासाठी यांनी तो पासपोर्ट आहे तसाच ऑफिसात दिला. तेव्हा पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीतच राहायचे, त्यात कुणाला वावगं वाटत नसे. झेरॉक्स काढायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. तिजोरीची किल्ली मालकांकडे, ज्यांना सगळे अरबाब म्हणत, आणि त्या दिवशी रमजानचा एकोणतिसावा रोजा. ऑफिस बंद झाल्यावर मॅनेजरांचा फोन आला, "वहिनी, आज चांद दिसला तर उद्या ईद. अरबाब गावी, अल ऐनला जाणार, मग सुट्टी संपेपर्यंत खलास. नाही दिसला तर उद्या ऑफिस आहे, इन्शाल्ला सकाळीच काढून देतो." कॉलेजची मुदत नेमकी त्या सुट्टीत संपत होती. "इट्स ओके मम्मा, आय विल अप्लाय नेक्स्ट इयर," असं म्हणून मुग्धा बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून रडत बसली.

मला घरात बसवेना. अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गेले, तर तिथे रोजा सोडून आलेली बायकामुलं पश्चिमेकडे डोळे लावून उभी. मी हात जोडले खरे, पण मागू काय? या सगळ्यांची ईद पुढे ढकल म्हणून? माझी जीभ रेटेना. "तुझ्या मनात असेल तसं कर," एवढंच म्हणाले आणि मला रडू फुटलं. शेजारी खालच्या मजल्यावरच्या एक बाई होत्या, मूळच्या दापोलीकडच्या. आमची ओळख लिफ्टमध्ये हसण्यापुरतीच. "ताई, काय झालं?" त्यांनी विचारलं, आणि मी सगळं सांगून मोकळी झाले. मग ओढणी डोक्यावर सारखी करून त्यांनी दोन्ही हात पसरले. हातांवर ईदची मेंदी रंगलेली होती. "या अल्ला, पोरीच्या शिक्षणासाठी आणखी एक रोजा धरू आम्ही. खुशीनं धरू."

चंद्र दिसला नाही. टीव्हीवर जाहीर झालं, ईद परवा. सकाळी ऑफिस उघडलं, मॅनेजरांनी पासपोर्ट काढून दिला, फॅक्स गेला. पुढे मुग्धाला तिथली रहिवासी म्हणूनच प्रवेश मिळाला. आकाशात ढग होते की त्या दिवशी चंद्र दिसणारच नव्हता, हे जाणकारांना ठाऊक. मी कधी विचारलं नाही.

मात्र तो जास्तीचा रोजा मीही धरला, पाण्याचा घोटसुद्धा न घेता. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या त्या भाभींनी त्यांच्या घरी माझ्या हातावर खजूर ठेवला, तो खाऊन मी रोजा सोडला. जे मागायला मी धजले नव्हते, ते माझ्यासाठी एका परक्या बाईने स्वतःचा सण मागे सारून मागितलं होतं. आपण हात टेकले की तो कुणाचे हात पुढे करील, हे आपल्याला कळत नाही. माझ्या गणपतीने माझं गाऱ्हाणं कुणाच्या तोंडून ऐकलं, हे आठवलं की आजही माझे हात आपोआप जुळतात, आणि मागायचं काहीच सुचत नाही.