मध्ये उभा राहणारा

“काकू, थोडंच वाढा,” असं म्हणून तो ताट पुढे करायचा आणि पुढेच धरून ठेवायचा. आमच्या मुलीच्या मैत्रिणी माझ्या बायकोला काकू म्हणत, म्हणून हा दारात मावेना असा अमेरिकन शेजारीही तेच म्हणायला लागला.

२००२ साली आम्ही अमेरिकेत, नोव्हाय गावी घर घेतलं. शेजारी अमेरिकन फुटबॉलचा माजी प्रोफेशनल खेळाडू आहे हे कळल्यावर, टचडाउन म्हणजे त्यांच्यातला गोल एवढ्या माहितीवर मी पहिल्याच भेटीत शहाणपणा केला. “मग टचडाउन किती?”

“एकही नाही. मी लाइनमन,” तो हसत म्हणाला. “बॉल फेकणारा माझ्या पाठीमागे. मी गुडघे वाकवून, एक हात जमिनीला टेकून उभं राहायचं आणि त्याच्यावर धावून येणाऱ्यांना मध्येच अडवायचं. टीव्हीवर माझं नाव घ्यायचे, पण चूक झाली तरच.”

तुमच्याआमच्या नोकरीत निदान प्रमोशन तरी असतं. याच्या अंगावर वर्षानुवर्षं फक्त नवनवे धटिंगण येत राहिले. त्याला त्याचं काही वाटत नसे.

एका रविवारी तो आमच्याकडे मसालेभात जेवून गेला आणि अर्ध्या तासात परत आला. “काकू, जेवायला काय आहे?” बायको खूश. आपल्याकडे पाहुण्याला ‘आत्ताच जेवलात ना’ असं कोण विचारतं? तिने पुन्हा वाढलं, तो पुन्हा पोटभर जेवला. असं दोन-तीनदा झालं. महाराष्ट्र मंडळात तिने हा किस्सा रंगवून सांगितलाही.

मग एकदा त्याची बायको घरातल्या स्लिपरवरच धावत आली. चणीने लहान, कमी बोलणारी बाई. त्याच्या हातातलं ताट तिने हळूच काढून घेतलं. “हनी, तू जेवलायस.” त्याला बाहेर बसवून ती स्वयंपाकघरात आमच्याशी बोलली. “त्याला आठवत नाही. खेळात डोक्याला इतका मार बसलाय. डॉक्टर ठामपणे काही सांगत नाहीत. पण मला त्याला घरीच ठेवायचंय, जमेल तितके दिवस.”

काही वर्षं तिने जमवलंही. गाडीच्या किल्ल्या लपवल्या, दाराला वर कडी बसवली. त्याचा एकच धोशा असे, “मी गेलो तर ही एकटी पडेल.” २००७च्या हिवाळ्यात एका सकाळी त्याने तिला ओळखलं नाही. परकी बाई घरात शिरली म्हणून ढकलून दिलं. तिचं मनगट मोडलं. केअर होमला फोन तिनेच केला.

तिथले दोघं न्यायला आले तेव्हा आम्हीही शेजाऱ्यांच्या घरासमोर, ड्राइव्हवेत उभे होतो. युनिफॉर्म दिसताच त्याने बायकोला हाताने मागे सारलं, गुडघे वाकवले आणि बर्फावर एक हात टेकून तो त्यांच्यासमोर ठाकला. मागे कोण आहे हे त्याला कळत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. ते दोघं जागीच थांबले.

तिने चांगला हात त्याच्या पाठीवर ठेवला. “झालं. संपला खेळ.”

तो कष्टाने उठला. दोघांशी हात मिळवून व्हॅनकडे निघाला, आणि मग वळून त्याने तिला विचारलं, “तुला कुणी हात लावला नाही ना?”

“नाही,” ती म्हणाली, आणि प्लास्टरचा हात तिने कोटाखाली घेतला.