मावशीची समुद्रासमोरची खोली

सत्तावीस वर्षं हॉटेलात खोल्या आवरणारी माझी मावशी निवृत्त झाली, तेव्हा तिला बेटावर सुट्टीला न्यायचं ठरलं. राहायचं कुठे, यावर घरात नुसता काथ्याकूट. मला किनाऱ्यावरची झोपडी हवी होती, भावाला मोठं हॉटेल. मावशी फोटो बघून एकेक जागा निकालात काढत होती. "या झोपडीत वाळू किती येईल! झाडणारीची कंबर मोडेल." "या पलंगाखाली हातसुद्धा जात नाही, पुसायचं कसं?"

माझं डोकंच फिरलं. "अगं, तुला तिथे राहायचंय, झाडायचं नाहीये!" शेवटी तिला न विचारता सगळ्यात महागडं हॉटेल ठरवलं. तिला स्वतंत्र खोली, समोर समुद्र. मोठा तीर मारल्यासारखं वाटलं मला.

बेटावर पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पोहून परतले, तर मावशी स्वतःच्याच बंद दारासमोर उभी. हातात किल्ली, आणि दारावर टकटक करतेय. एकदा वाजवलं, कान देऊन थांबली, पुन्हा वाजवलं.

मी हबकलेच. "मावशी, आत कोण आहे?"

"कोणी नाही गं."

"मग वाजवतेस कशाला?"

"न वाजवता कसं शिरायचं? आत पाहुणे असले तर?"

"अगं, पाहुणी तूच आहेस!"

तिने हातातल्या किल्लीकडे बघितलं. मग ओशाळं हसून म्हणाली, "हो की." तिने किल्ली लावली, आणि दार ढकलण्याआधी हळूच एकदा वाजवलंच.