निंगप्पाची पाण्यातली गाडी

अक्कलकोट तालुक्यातल्या निंगप्पाला पोहता येत नव्हतं. सैन्यात तो ड्रायव्हर झाला आणि त्याच्या हाती नेमकी पाण्यात चालणारी चिलखती गाडी आली.

गाडीला आठ चाकं होती. पुढचं नाक निमुळतं. पाण्यात शिरताना त्यावरची फळी उभी केली की लाट अंगावर येत नसे. मागचे दोन पंखे गाडीला पाण्यातून ढकलत. पोटात दहाएक जवान बसत. पत्रा रायफलची गोळी अडवायचा, तोफेचा गोळा नाही. रणगाड्यांच्या मागोमाग पायदळ पोचवायचं हे तिचं मुख्य काम. वेळ पडली तर दारूगोळा आणि जखमीही तिच्यातूनच न्यायचे.

एकाहत्तरच्या युद्धात, डिसेंबरात, पूर्वेकडच्या एका नदीपलीकडे त्यानं जवान सोडले आणि परतताना चार जखमी घेतले. घाईत एका जखमीच्या घोंगडीचा काठ मागच्या दारात अडकला. दार घट्ट बसलं नाही. नदीच्या मध्यावर पायाशी पाणी आलं.

"साहेब, पाणी शिरतंय!" निंगप्पा ओरडला.

"पंप चालू कर, वळू नकोस," गाडीप्रमुख भीमाशंकर म्हणाला. तो बार्शीचा. त्यानं मागं जाऊन घोंगडी ओढून काढली आणि दार दाबून धरलं.

पंपानं पाणी उपसलं जात होतं. पण अलीकडचा काठ आधीच्या गाड्यांनी चिखल करून ठेवलेला. चाकं जागीच फिरू लागली आणि प्रवाह गाडी आडवी करू लागला. बसल्या जागेवरून चाकांतली हवा कमी करायची सोय होती. निंगप्पानं हवा सोडली. टायर पसरले, त्यांनी चिखलात पकड घेतली, आणि गाडी हळूहळू वर आली.

जखमींपैकी एक जण दवाखान्याच्या वाटेवरच दगावला.

पुढं सैन्यातून सुटल्यावर तो अक्कलकोटला एसटी चालवू लागला. एकदा स्वामींच्या दर्शनाला आलेला एक लंगडा माणूस स्टँडवर त्याला शोधत आला. तो सोलापूरचा बसवराज, त्या चौघांतला एक.

"मला वळखलं न्हाय व्हय?"

"वळखलं की. लई शिव्या देत हुता तुमी."

"आडवा पडल्यालो, पाणी कमरंला लागत हुतं, मग काय भजन म्हणू?"

दोघंही हसले. निंगप्पानं त्याला घरी नेलं. बायको रंभाबाईनं भाकऱ्या थापल्या, आणि संध्याकाळच्या गाडीनं बसवराज सोलापूरला परतला.