शलगमाची रोवणी

दादाच्या ताटात मला एकच भाजी वाढायची होती. तेवढंही मला धड जमलं नाही.

दादा माझा थोरला भाऊ. वडील गेल्यावर तो शाळा सोडून पलटणीत भरती झाला, म्हणून मी शिकलो आणि नदीपलीकडे भंडाऱ्यात कारकून झालो. त्याची फेड कशी करायची हे मला कधी कळलं नाही. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी, एका उन्हाळी सुट्टीत, त्याने माझ्या हातावर मोहरीसारखं बी ठेवलं. त्याची छावणी होती त्या पहाडातून आणलेलं.

"विलायती शलगम आहे. आतून पिवळा, नारळाएवढा होते. बाडीत टाकून पाह्य. संक्रांतीले येईन तं खाऊ."

कारध्याच्या आमच्या घरामागच्या बाडीत माय वांगी, वाल लावायची. विहिरीजवळचा वाफा मी मागितला. तिने आपली कोथिंबीर काढून तो मोकळा करून दिला, पण ऐकवलंच, "तुले वाल लावता येत नाही, अन् विलायती करून राहिला."

दसऱ्याआधी टाकलेलं बी मुंग्यांनी नेलं. उरलेल्यातलं निम्मं पुन्हा टाकलं, भोवती काट्या रोवल्या, तरी शेजारच्या कोंबड्या शिरल्याच. जे वाचलं ते मात्र दाट उगवलं, धानाच्या पऱ्ह्यासारखं. आणि माझं डोकं धानाच्याच वाटेने गेलं. आमच्याकडे आधी पऱ्हे, म्हणजे भाताची दाट रोपं, टाकायचे, मग ते उपटून चिखलात रोवायचे. दाट रोपं उपटून फेकायची, हे आमच्या मनातही येत नाही. मी वाफ्यात पाणी सोडून चिखल केला, रोपं उपटून त्यांच्या मुठी बांधल्या आणि एकेक रोवू लागलो. मायही पदर खोचून आली. सारा जन्म तिने रोवणीच केली होती.

"वाकडी नको लावू. दादा हासंन."

पाला जोमाने वाढला. रोज सकाळी सायकल काढण्याआधी मी बोटाने माती उकरून बघायचो. खाली काही फुगत नव्हतं. मी आणखी पाणी दिलं, आणखी शेणखत घातलं, आणि चीड आली की मायच्या वांग्यांवर काढायचो. सगळं पाणी तीच पितात म्हणायचो.

संक्रांतीला दादा आला. पेटी ओसरीवर ठेवून सरळ बाडीत गेला. एक रोप उपटलं. खाली गड्डा नव्हता, नुसते वेडेवाकडे फाटे. दुसरं उपटलं, तेही तसंच.

"बी खराब असंन," मी म्हणालो.

त्याने त्या सरळ ओळींकडे पाहिलं. "अबे, तू याची रोवणी केली काय?"

"मंग काय करते?" माय म्हणाली.

तो हसत हसत खालीच बसला. "माय, याले हालवत नाहीत. जिथं टाकलं तिथंच विरळ करा लागते."

"मंग सांगाचं होतं," मी चिडून बोललो.

"तू शिकलेला. म्हटलं, विचारशीन."

मायने पाल्याची चण्याची डाळ घालून भाजी केली. दादाने दुसऱ्यांदा मागून घेतली. "पाला बेस झाला माय." तो रागावला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी डब्यात राहिलेलं बी मी जागच्या जागी टाकलं. रोपं उपटून फेकताना हात अडखळत होता, पण फेकली. संक्रांतीपर्यंत मातीवर जांभळट गड्डे दिसू लागले. दादाला रजा मिळाली नाही.

"काढ आता, निबर होतीन," माय म्हणाली.

"थांब. येईन तो."

शिवरात्र आली तशी त्यांना पिवळी फुलं फुटली. तेव्हा कुठे मी एक उपटून विळ्याने कापला. आत नुसत्या दोऱ्या. सगळे गड्डे चिरून गाईपुढे टाकले. माय दारात उभी राहून पाहत होती.

"दोन आपण खाल्ले असते, तं दादाले का राग आला असता?"

मी विळा धुवायला विहिरीवर गेलो.