घरात लागतं, बाहेर लागत नाही

काजवाल्या बाईंना दिवसभरात शांतता मिळायची ती जेवणाच्या सुट्टीत, तीही अर्धाच तास. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काज पाडायचं यंत्र त्यांच्याकडे होतं, आणि ते असं कडकडायचं की शेजारणीशी बोलायचं तर हातवारे करावे लागत. सुट्टी झाली की बाई डबा घेऊन मागच्या जिन्यावर जात. तिथे ना रेडिओ, ना कुणाच्या गप्पा. त्या अर्ध्या तासावर त्यांचा भारी जीव होता.

त्यावर डोळा पडला तो त्यांच्या नवऱ्याचा, आणि तोही प्रेमापोटी. प्रेमापोटी चाललेल्या गोष्टीला नाही म्हणणं किती जिवावर येतं, हे ज्याने भोगलंय त्यालाच बाईंची दशा कळेल.

नवरा एका सभागृहात साउंडवाला होता. सभागृह विकलं गेलं, नव्या मालकाने तिथे गोदाम केलं, आणि हा गृहस्थ घरी बसला. बसला म्हणजे खरोखरच बसला. पलंगाच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून, दाढी वाढवून. बाईंनी समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी हात टेकले. मग एक दिवस त्यानेच माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला, जन्मभर जमवलेल्या कॅसेट त्यात भरल्या, आणि घरातल्या कुठल्याही फोनवर हवं ते गाणं लागू लागलं. बाईंचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच तो म्हणाला, की आता हे तुला कामावरही ऐकू यायला हवं.

झालं. रोज सुट्टीत फोन. आता लाव. काय दिसतंय? नुसतं गोल फिरतंय? बंद करून परत लाव. बाईंच्या एका हातात घास, एका हातात फोन. घरच्या वायफायवर सुरळीत वाजणारं गाणं बाहेर मोबाइल डेटावर काही केल्या लागेना. संध्याकाळी त्या घरी आल्या की तो फोन घेई, लावून बघे, आणि गाणं लगेच सुरू. ‘लागतंय की,’ असं म्हणून तो बाईंकडे बघे, जणू त्यांच्याच हाताला गुण नव्हता.

त्याने इंटरनेट कंपनीला फोन करकरून भंडावून सोडलं. तेव्हा कळलं, की अख्ख्या इमारतीला मिळून बाहेर इंटरनेटवर एकच पत्ता आहे. मग बाहेरून गाणं मागणाऱ्याने दार वाजवायचं तरी कुणाचं? भांडून त्याने आपल्या घरासाठी वेगळा पत्ता मिळवला. स्वतःचा बंगला बांधल्यासारखा खूश होता. दुसऱ्या दिवशी सुट्टीत बाईंनी गाणं लावलं, तर पुन्हा तेच गोल.

त्या दिवशी फोन ठेवल्यावर बाईंनी स्वतःच सेटिंगमध्ये डोकं घातलं. डेटा पुरवून वापरायची त्यांना सवय. नवीन अ‍ॅप आलं की त्याचा मोबाइल डेटा त्या आधी बंद करून टाकत. गाण्याच्या अ‍ॅपचाही केला होता आणि साफ विसरल्या होत्या. समोर ते बटण दिसत होतं, बंद.

बोट पुढे गेलं आणि थांबलं. आज सकाळी त्याने दाढी केली होती. हल्ली रोज करत होता. चहा ठेवत होता, कागदावर तारांच्या आकृत्या काढत होता, त्यांना सोडायला दारापर्यंत येत होता. हे एकदा लागलं की उद्या उठून तो काय करणार? बाईंच्या डोळ्यांपुढे पलंगाची ती कड आली. त्यांनी बटणाला हात लावला नाही.

कात्रीत सापडणं म्हणतात ते हे. सुट्टी तर रोज जातच होती, वर खोटं बोलायचं ओझं. कधीकधी त्यांना त्याचा इतका राग येई, की सगळं सांगून मोकळं व्हावंसं वाटे. पण संध्याकाळी तो हसत दार उघडी आणि सांगायचं राहून जाई.

एके दिवशी तो स्वतःच कारखान्यात हजर झाला, इस्त्रीचा शर्ट घालून. बाईंशेजारी जिन्यावर बसला आणि म्हणाला, इथेच बसून छडा लावतो. त्यांनी फोन दिला, कारण न देण्याला काही निमित्त नव्हतं. तो शांतपणे एकेक पान उघडत गेला. अ‍ॅपची यादी आली. त्या बटणापाशी त्याचं बोट थांबलं.

बाई डब्यात बघत बसल्या. त्यांना रडू येत होतं.

“तुला कधी कळलं हे?” त्याने विचारलं.

“बरेच दिवस झाले.”

त्याने हनुवटीवरून हात फिरवला. वर यंत्रं सुरू झाली होती. त्याने बटण होतं तसंच ठेवलं आणि फोन त्यांच्या हातात दिला.

“फारच किचकट आहे गं,” तो म्हणाला. “उद्या फोन करतो. वेगळं काहीतरी करून बघू.”

“करा,” बाई म्हणाल्या.