कानाशी वाकून

अकरा वर्षं कोणीही कोडमध्ये बदल केला की तो आधी काकूंच्या नजरेखालून जायचा. काकू म्हणजे ऑफिसातल्या सगळ्यांत जुन्या टेस्टर. चूक सापडली तर त्या फोन करत नसत, मेल तर नाहीच. गुडघा धरून उठायच्या, ज्याची चूक त्याच्या टेबलापर्यंत जायच्या आणि कानाशी वाकून सांगायच्या, "बाळा, लॉगिन मोडलंय बघ."

आता ही तपासणी आपोआप करणारं टूल घ्यायचं ठरलं. तीन टूल्स चाचणीसाठी आली आणि निवड काकूंवरच सोपवली. साहेबांना वाटलं, बाई रुसून बसणार. पण काकू कसल्या रुसतात! त्यांनी एक चूक मुद्दाम करून तिन्ही टूल्सपुढे टाकली. तिघांनीही ती पकडली. पहिलं भलतंच चपळ होतं, पण त्यानं भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर चूक करणाऱ्याचं नाव लाल अक्षरांत झळकवलं. दुसऱ्यानं अख्ख्या टीमला मेल धाडली. तिसरं बराच वेळ रेंगाळलं आणि मग ज्याची चूक, फक्त त्यालाच कळवून गप्प बसलं.

"हेच घ्या," काकू म्हणाल्या.

"अहो काकू, हे तर सगळ्यांत मंद आहे!" साहेब वैतागले.

"मग मी तरी कुठे पळत यायचे?"

साहेबांनी तिसऱ्या टूलच्या ऑर्डरवर सही केली. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी काय मोडून ठेवलं होतं, ते आजही फक्त दोघांनाच ठाऊक होतं.